दुधाच्या दातांची मुळे जातात कुठे?

मुलाची दाढ दुखू लागली की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत वडीलधारी मंडळी "दूधना दात शेतस, पडीच जातीन" (दुधाचे दात आहेत, पडूनच जातील) असे म्हणून विषय संपवतात. माझ्या पाच वर्षांच्या भाचीच्या किडलेल्या दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी आली, तेव्हा अमळनेरच्या आमच्या घरातही हेच ऐकू आले. शिवाय दुधाच्या दातांना मुळे नसतातच, अशी पुस्तीही जोडली गेली. ही समजूत निरीक्षणातून आलेली आहे, कारण पडलेला दात हातात घेतला तर खाली मूळ दिसतच नाही. भाचीच्या एक्स-रेमध्ये मात्र त्या दाढेची दोन लांब, फाकलेली मुळे स्पष्ट दिसत होती. त्यांच्या बेचक्यात हाडाऐवजी काळी सावली होती आणि एका मुळाची आतली कड कुरतडल्यासारखी झाली होती.

दुधाच्या 20 दातांपैकी प्रत्येकाला पूर्ण मूळ असते. दात हिरडीबाहेर आल्यावर साधारण वर्ष-दीड वर्षात ते पुरे होते आणि पुढे शरीर स्वतःच ते विरघळवते. हे काम ओडोंटोक्लास्ट नावाच्या पेशी करतात. हाडे झिजवणाऱ्या पेशींच्या त्या सख्ख्या बहिणी म्हणता येतील. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळातील अनेक पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेली एक मोठी पेशी तयार होते. ती मुळाच्या पृष्ठभागाला कडेने घट्ट चिकटते आणि आपल्याखाली एक बंदिस्त पोकळी निर्माण करते. त्या पोकळीत ती हायड्रोजनचे आयन सोडत राहते. त्या आम्लात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक विरघळतात, आणि उघडे पडलेले कोलॅजेनचे धागे कॅथेप्सिन-के हे विकर कापून काढते. एक खळगा झाला की पेशी शेजारी सरकते. हे काम सलग चालत नाही. मधल्या काळात दुरुस्ती होऊन खळगे काही प्रमाणात भरले जातात, म्हणूनच हलू लागलेला दात कधी कधी पुन्हा घट्ट झाल्यासारखा वाटतो.

या पेशींना कामाला लावते कोण, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताभोवतीची पिशवी आणि मुळाभोवतीच्या पेशी रँक-एल नावाचे प्रथिन तयार करतात. ते पांढऱ्या पेशींच्या कुळातील पूर्वज पेशींवरील रँक या ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या रेणूला, जोडले गेले की त्यांचे ओडोंटोक्लास्टमध्ये रूपांतर होते. ओपीजी हे दुसरे प्रथिन मात्र रँक-एललाच वाटेत पकडून ठेवते. मूळ टिकणार की झिजणार, हे बव्हंशी या दोघांच्या प्रमाणावर ठरते. शिवाय मुळावर नुकत्याच तयार झालेल्या, अजून क्षार न भरलेल्या थराला या पेशी चिकटू शकत नाहीत. तो थर म्हणजे मुळाचे कवच आहे.

दाढ किडते तेव्हा हीच यंत्रणा अवेळी सुरू होते. जंतू दाताच्या मज्जेत, म्हणजे आतल्या मऊ गाभ्यात, पोहोचले की सूज येते, सुजेतील रासायनिक संदेशांमुळे रँक-एल वाढते, ओपीजी घटते आणि मुळाचे कवच नष्ट होते. दुधाच्या दाढेत मज्जेच्या कोठडीचा तळ पातळ असतो आणि त्यातून मुळांच्या बेचक्याकडे बारीक वाटा जातात. त्यामुळे मोठ्यांप्रमाणे मुळाच्या टोकाशी नव्हे, तर बहुधा बेचक्यात हाड झिजताना दिसते. भाचीच्या एक्स-रेमधली सावली हीच होती.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणे आणि दिवसभर गोड बिस्किटे खात राहणे यांतून कीड लागते, म्हणून मुळाच्या हानीची पहिली पायरी अनेकदा तिथेच असते. मूल ओट्यावरून तोंडघशी पडले आणि पुढच्या दाताला जबर मार बसला, तर जखमी झालेल्या पृष्ठभागावरही झीज सुरू होऊ शकते. मार लागल्यानंतर दात करडा पडला तर तो तपासून घ्यावाच. मज्जेवरील आधीचा उपचार फसला, किंवा सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ तिरकी येऊन पुढच्या दुधाच्या दाढेत घुसली, तरी मूळ वेळेआधी खाल्ले जाते.

दाढेला धुरी देऊन "किडे" पाडून दाखवणाऱ्यांकडे मुलाला नेणे हा याच काळातला घातक वेळकाढूपणा आहे. दातात अळी नसते. साखरेपासून आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, आणि धुरीने ते जात नाहीत. तिकडे दिवस जातात आणि इकडे संसर्ग खाली वाढणाऱ्या कायमच्या दातापर्यंत पोहोचून त्याचे इनॅमल बिघडवू शकतो.

एक तृतीयांशाहून अधिक मूळ गेले असेल तर अशी दाढ सहसा काढावी लागते आणि मागचे दात पुढे सरकू नयेत म्हणून तिथे जागा राखणारी तार बसवतात. भाचीची झीज त्याहून कमी असल्याने दंतवैद्यांनी रूट कॅनल केले. मोठ्यांच्या मुळात भरतात तो गटापर्चा शरीरात विरघळत नाही. म्हणून तिच्या दाढेत शरीराला शोषून घेता येईल अशी पेस्ट भरली आहे. तिच्या दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास त्या दाढेखालची कायमची उपदाढ (छोटी दाढ) बाहेर येऊ लागेल, तेव्हा त्याच पेशी मुळाबरोबर ती पेस्टही संपवतील.