करंट दिलेलं लाकूड घ्यावं का?
काजू कारखाने, बेकऱ्या आणि कॅनिंगवाल्या ग्राहकांसाठी

“विजेची प्रक्रिया केलेलं लाकूड जास्त तापतं म्हणे, तुमच्याकडे मिळेल का?” असं बरेच ग्राहक विचारतात. आम्ही जळणाचं लाकूड पुरवतो, पण असलं लाकूड विकत नाही. का, ते सांगतो.

या प्रक्रियेचा एक प्रकार म्हणजे लाकूड मायक्रोवेव्हमध्ये तापवणं. त्यातलं विद्युत क्षेत्र सेकंदाला काही अब्ज वेळा दिशा बदलतं. त्यासरशी लाकडातले पाण्याचे रेणू हलतात, लाकूड आतूनच तापतं आणि वाफेच्या दाबाने छिद्रं मोकळी होतात. असं लाकूड लवकर पेट घेतं, हे खरं आहे. पेटलेल्या ज्योतीला विद्युत क्षेत्र लावणं हा प्रकार वेगळा. ज्योतीतले विद्युतभारित कण खेचले जातात, सोबत हवा ओढली जाते आणि जळणं बदलतं. लाटवियात यावर प्रयोग झाले आहेत. पण हजारो व्होल्टची ती मांडणी आपल्या चिऱ्याच्या भट्टीपाशी, ओल्या हातांनी काम करणाऱ्या माणसांजवळ आम्ही बसवणार नाही.

आता हिशेब बघा. ताज्या फाट्यांचं (जळणाच्या लाकडांचं) निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. अशा १ किलोतलं अर्धा किलो पाणी उडवायला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात, आणि उरलेल्या सुक्या लाकडात असतात २,२०० च्या आसपास. सातवा हिस्सा पाण्यातच गेला! भट्टी थंड राहते, धूर होतो, चिमणीत डांबर धरतं ते वेगळंच. तेच पाणी विजेने काढायचं तर ओल्या लाकडाच्या किलोमागे निदान एक तृतीयांश युनिट वीज जळते, प्रत्यक्षात जास्तच. मार्च ते मे आपलं ऊन हे काम फुकट करतं.

शिवाय पावसाळ्यातली आपली हवा. कितीही कोरडं केलेलं लाकूड उघड्या मांगरात (शेडमध्ये) ठेवलं की हळूहळू १८-२० टक्के ओल परत धरतं. विजेने सुकवलेलंही त्याला अपवाद नाही.

म्हणून फाटी आधी फोडून घ्या. अख्खा ओंडका आतून सुकत नाही. दगडांवर उचलून रचा, वर पत्रा, बाजू मोकळ्या. मृगाआधी रास कोरड्या, बंद जागी हलवा.

ओल मोजायला दोन सुयांचं मीटर येतं. ओल्या लाकडातून वीज सहज जाते, त्यावरून ते आकडा दाखवतं. ३० टक्क्यांच्या वरचा आकडा मात्र अंदाजच समजा. माल उतरवताना आमचा माणूस मीटर घेऊन येतो. तुमच्यासमोर एक फाटा फोडायला सांगा आणि सुया आतल्या गाभ्यात टोचायला लावा. २० च्या वर आकडा आला तर गाडी परत पाठवा.