राक्षस बोलू लागतो तेव्हा

मेरी शेलीच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस आपल्याला पहिल्यांदा जवळून दिसतो तो त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरच्या नजरेतून: पिवळी कातडी, पाणचट डोळे, काळे ओठ. पुढे हा राक्षस व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून करतो, आणि त्या खुनासाठी घरातली निरपराध मोलकरीण जस्टीन फासावर जाते. एवढं झाल्यावर, आल्प्समधल्या हिमनदीपाशी, राक्षसाला तोंड उघडायला मिळतं. १८३१च्या आवृत्तीत ११ ते १६ अशी सलग ६ प्रकरणं 'मी' म्हणजे तोच. थंडीनं कुडकुडणारा, खोपटाच्या फटीला डोळा लावून शेजारचं कुटुंब बघत बोलायला शिकणारा. खून माफ होत नाही, तरी त्याच्यासाठी जीव तुटतो.

हे नुसत्या 'मी'चं काम नव्हे. शेली बघणं थांबवते, मग ऐकवते, आणि तेही तीनदा. राक्षस स्वतःच व्हिक्टरच्या डोळ्यांवर हात धरतो: नको असलेलं दृश्य दूर केलं, आता ऐक. त्याच्याशी मायेनं बोलतो तो त्या शेजारच्या कुटुंबातला आंधळा म्हातारा डी लेसी. डोळस मुलगा फेलिक्स आत येताच काठीनं बडवतो. शेवटी व्हिक्टरची कहाणी टिपून घेणारा जहाजावरचा वॉल्टनही तो चेहरा बघून नकळत डोळे मिटतो. वाचकासमोर तर चेहरा नसतोच, फक्त आवाज असतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संकटातल्या एका तरुणीची मुलाखत काहींनी तटस्थपणे ऐकली, काहींनी 'तिला काय वाटत असेल' असा विचार करत, काहींनी 'तिच्या जागी मी असेन तर' असा. शेवटच्या दोन्ही गटांत कणव वाढली. 'मी असेन तर'वाल्यांची मात्र स्वतःचीही घालमेल झाली. भयकथेला ही घालमेलच हवी असते.

उलट टोक १८९७च्या 'ड्रॅक्युला'त. डायऱ्या, पत्रं, तारा यांची एवढी चळत, पण खुद्द रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाची डायरी नाही. तो शेवटपर्यंत परकाच राहतो.

मराठीत तर सर्वनामच निम्मं काम करतं. भूत, पिशाच्च नपुंसकलिंगी. 'ते दारात उभं होतं' आणि 'ती दारात उभी होती' ही वाक्यं शेजारी ठेवून बघा; दुसऱ्यात कुणाची तरी लेक उभी आहे. 'मी'चंही तसंच: 'मी दार उघडलं' यात बाई की पुरुष ते कळत नाही, 'मी आत गेले' म्हणताच कळतं. हे गुपित कुठल्या वाक्यात फोडायचं, ते लिहिणाऱ्यानं आधीच ठरवावं.

राक्षसाच्या तोंडून गोष्ट लिहिताना फसतं कुठे? 'ते'च्या जागी 'मी' घालून बाकी वाक्य तसंच ठेवलं की. 'माझे सुळे चमकले.' स्वतःचे सुळे चमकताना कुणाला दिसतात? नजर बाहेरच राहिली. 'हिरड्या ठणकत होत्या. आतून लसणाच्या फोडणीचा वास आला, आणि तरी भूक त्या वासाची नव्हती.' आता आपण त्या अंगात आहोत. दुसरी चूक क्रमाची: आधी दुःख सांगून मग खून दाखवला, तर सगळी कैफियत सबबीसारखी वाटते. शेलीनं जस्टीनला आधी फासावर जाऊ दिलं.