‘हिरो’ कोणाची नक्कल होती?

ऐंशी-नव्वदच्या दशकात शाईपेनाने लिहिलेल्यांना हिरो पेनाचं वर्णन करून सांगावं लागत नाही. मरून किंवा काळी दांडी, चकचकीत धातूचं टोपण, ते फिरवायचं नाही, सरळ ओढायचं. आणि निब जवळजवळ दिसतच नाही, चोचीसारखं इवलंसं टोक तेवढं बाहेर. आमच्या घरी ते ‘फॉरेनचं पेन’ होतं. वडिलांच्या खिशाला लागलेलं असायचं आणि आम्हाला फक्त सही बघायला मिळायची. हे कुणाची तरी हुबेहूब कॉपी आहे, हे मला कळलं तोवर शाळा संपून बरीच वर्षं झाली होती.

ती कॉपी होती अमेरिकेतल्या पार्कर ५१ ची. पार्कर कंपनी १८८८ सालची. १९३९ मध्ये तिला ५१ वर्षं झाली तेव्हा हे पेन तयार होत आलं होतं, म्हणून नाव ५१. बाजारात ते १९४१ मध्ये आलं. ती झाकलेली निब मला नुसती ऐट वाटायची, पण तिच्यामागे शाईचं कारण आहे. कागदावर पडताक्षणी वाळेल अशी शाई पार्करला हवी होती. अशी शाई उघड्या निबेवरही तितक्याच लवकर वाळणार आणि पेन अडणार. मग निब टोपडं घातल्यासारखी आत घेतली. शिवाय ती शाई इतकी जहाल की त्या काळच्या पेनांचं सेल्युलॉइड तिच्यापुढे टिकत नसे, म्हणून दांडीसाठी ल्युसाइट हे नवं अ‍ॅक्रिलिक घेतलं. टोपड्याच्या आत बारीक बारीक चकत्यांचा एक भाग असतो, त्याला कलेक्टर म्हणतात. हाताच्या उबेने आतली हवा फुगून शाई पुढे ढकलली गेली की ती त्या चकत्यांमध्ये अडकते, वहीवर टपकत नाही.

१९४८ मध्ये शाई भरायची पद्धत बदलली. दांडी उघडली की आत धातूची नळी, तिच्या खाचेत एक दाबपट्टी आणि तिच्याखाली मऊ प्लास्टिकची पिशवी. किती वेळा दाबायचं तेही नळीवर कोरलेलं. आपल्याकडे मिळायचं ते चिनी हिरो, मॉडेल ६१६, उघडून पाहिलंय ना? तेच.

पेन १९७२ पर्यंत बनत राहिलं आणि दोन कोटींच्या आसपास खपलं. एवढं खपणाऱ्या वस्तूची नक्कल झाली नसती तरच नवल. तशी नकलेची चाल पेनांच्या धंद्यात आधीपासून होतीच. पार्करने १९२१ मध्ये लालभडक ड्युओफोल्ड काढलं आणि थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या लहानमोठ्या कारखान्यांतून तशीच लाल पेनं बाहेर पडू लागली. शेफर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने १९२९ मध्ये दोन्ही टोकांना निमुळतं होत जाणारं ‘बॅलन्स’ काढलं, तर चपट्या टोकांची पेनं जुनाट दिसू लागली आणि बाकीच्यांनीही आकार बदलला. ५१ नंतर इटलीत ऑरोराने १९४७ मध्ये ‘८८’ आणलं. त्याचा आकार मार्चेलो निझोलीचा, ऑलिव्हेटीचे टाइपरायटर घडवणारा तोच. निब मात्र तशीच झाकलेली. पन्नाशीच्या दशकात जपानी कंपन्यांनीही झाकलेल्या निबेची पेनं काढली. या मंडळींना कुणी नकलाकार म्हणत नाही. तो शिक्का चीनच्या वाट्याला आला.

शांघायमध्ये १९३१ साली ह्वाफू नावाचा पेनांचा कारखाना निघाला. (त्याच वर्षी इकडे मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग सुरू केला, त्याचं पुढे कॅमलिन झालं. आमच्या हिरोत कॅमलची शाई असायची, म्हणजे १९३१ च्या दोन धंद्यांची गाठ माझ्या दप्तरात पडत होती.) चीनमधल्या कम्युनिस्ट क्रांतीनंतर कारखान्यांचं एकत्रीकरण झालं, त्यात ‘हिरो’ हा ब्रँड ह्वाफूकडे आला आणि १९६६ मध्ये कारखान्याचंच नाव हिरो झालं. मधलं १९५८ साल महत्त्वाचं. उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या माओच्या मोहिमेचे, ‘मोठ्या झेपे’चे दिवस, ब्रिटन-अमेरिकेला गाठण्याच्या घोषणा जिकडेतिकडे. या कारखान्याची घोषणा होती, ‘हिरो पार्करला गाठणार’. पेन उघड उघड समोर ठेवून, त्याच्या बरोबरीचं करून दाखवायचं होतं. त्यातून १४ कॅरट सोन्याच्या निबेचं हिरो १०० आलं. स्टीलच्या निबेचं ६१६ हे त्याचं गरीब भावंड, आणि जगभर पोचलं ते हेच. पुष्कळ स्वस्त पेनांनी पार्करचं नुसतं टोपडं उचललं आणि आत साधी निब बसवली. हिरोने कलेक्टरसकट उचललं. म्हणून ते चालायचं.

आपल्याकडे हे पेन इतकं का रुजलं, याचं उत्तर बाजारात शोधून सापडायचं नाही, ते सरकारी धोरणात आहे. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची चणचण झाली आणि चैनीच्या वस्तूंची आयात आवळली गेली. ग्राहकोपयोगी मालावरचे आयातीचे शेवटचे कोटे उठायला २००१ उजाडलं. मधल्या काळात खरं पार्कर पाहायला मिळे ते परदेशी जाऊन आलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या खिशाला. हिरो मात्र या ना त्या वाटेने येत राहिलं आणि पार्कर न पाहिलेल्या पिढीसाठी तेच अस्सल ठरलं. इतकं, की त्याचीही नक्कल निघाली! नकली ६१६ आजही ढिगाने मिळतात. मी स्वतः एकदा फुटपाथवर फसलोय. नाव बरोबर, वजन हलकं, आणि टोपण दुसऱ्या दिवशी सैल.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. त्या फुटपाथवाल्या पेनावर दुसऱ्याचं नाव कोरलं होतं, ती बनावट, आणि तो गुन्हा आहे. हिरोने पार्करचा आकार घेतला पण नाव स्वतःचं टाकलं. आकाराचं संरक्षण कायमचं नसतं. भारतात नोंदलेल्या डिझाइनला आधी १० वर्षं आणि नंतर आणखी ५ मिळतात, मग ते सर्वांना मोकळं. सध्याचा चिनी पेनांचा बाजार बराचसा या जुन्या, मोकळ्या झालेल्या आकारांवर उभा आहे. जिन्हाओ या चिनी कंपनीचं १५९ समोर धरलं की जर्मन माँब्लाँचं १९५२ चं १४९ आठवतं. १९८० च्या लॅमी सफारीची तर इतकी भावंडं आहेत की मोजायचा कंटाळा यावा. पायलटचं खटक्यावर निब बाहेर येणारं कॅपलेस १९६३ चं, त्याचीही चिनी आवृत्ती आहे. मूळ पेनांच्या मानाने ही पुष्कळ स्वस्त. सगळीच चांगली असतात असं नाही. निब घासून घेण्याची तयारी ठेवावी लागते.

आणि ५१ ? त्याचीही नवी चिनी आवृत्ती आहे, विंग संग ६०१. तिचं टोपण ओढून काढायचं आणि शाई मागचा खटका दाबून भरायची, १९४१ च्या पहिल्या पार्कर ५१ सारखी. पुढे २०२१ मध्ये खुद्द पार्करने ‘५१’ हे नाव पुन्हा बाजारात आणलं. त्याचं टोपण आट्याचं आहे, फिरवून काढावं लागतं, आणि आत कार्ट्रिज, म्हणजे शाईची तयार नळी. जुन्या ५१ चे शौकीन यावर भरपूर चिडले. १९४१ चं पेन नवंकोरं हवं असेल तर यातले काही जण आता विंग संग मागवतात.