पार्श्वभूमी : कोड, कुष्ठ आणि दूध-मासळीचं पथ्य

रत्नागिरी-सिंधुदुर्गात 'रक्तपिती' म्हणजे कुष्ठरोग आणि 'कोड' म्हणजे पांढरे डाग, हा फरक बोलीत स्पष्ट आहे. गुंता झाला तो शुद्ध शब्दांमुळे. आयुर्वेदात 'कुष्ठ' हे अठरा प्रकारच्या त्वचारोगांचं एकत्र नाव. पांढऱ्या डागांना 'श्वित्र' किंवा 'किलास' म्हणत. चरकसंहितेत त्यांचा विचार कुष्ठाच्याच अध्यायात येतो, पण वेगळा. पुढे 'महारोग' हा शब्द टोचू लागला आणि त्याच्या जागी 'कुष्ठरोग' रूढ झाला. हेतू चांगलाच होता. पण साऱ्या त्वचारोगांचं नाव एकाच संसर्गजन्य आजाराला चिकटलं, आणि 'श्वेतकुष्ठ' म्हटलं जाणारं कोडही त्याच दावणीला बांधलं गेलं. कोड असलेल्या माणसांना या एका शब्दाने जेवढं छळलं तेवढं डागांनीही छळलं नसेल, असं मला वाटतं.

१९८३ पासून कुष्ठरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम 'नियंत्रणा'ऐवजी 'निर्मूलना'चा झाला, बहुविध औषधोपचार आले. 'फिकट, बधिर चट्टा दिसला तर तपासून घ्या' हा संदेश घरोघर गेला. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. फार मोठं काम झालं. लोकांच्या लक्षात मात्र 'चट्टा' राहिला, 'बधिर' गळून पडलं. कुष्ठाचा चट्टा फिकट असतो, दुधासारखा पांढरा होत नाही, आणि तिथली संवेदना कमी होते किंवा जाते. कोडावर कापसाचा बोळा फिरवा, स्पर्श लगेच कळतो. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशी मारते. एकाचं दुसऱ्याला होत नाही.

किनाऱ्यावर या गैरसमजाला दूध-मासळीची जोड मिळाली. दोन्ही एकत्र खाऊ नये हे चरकसंहितेतही आहे. त्याने कोड होतं याला आधुनिक वैद्यकात पुरावा नाही. तरी बाजारात रोज बांगड्याचे वाटे लावणारी एक बाई मला भेटली, जिने अकरा वर्षांत मासळी तोंडात घातलेली नाही. पहिला डाग उठला तेव्हा आई म्हणाली होती, "तूच काहीतरी खाल्लं असशील." ते तिने अजून मनातून काढलेलं नाही. सुटे पैसे देताना ती डावा हात पदराखाली ठेवते.

व्यक्तिगत कायद्यांमधल्या २०१९ च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलं नाही. कोडाचा तर त्या कलमात कधी उल्लेखच नव्हता. स्थळ बघताना मात्र "घराण्यात कोड नाही ना?" हे आजही विचारतात, मुलीकडच्यांना जास्त. पुण्यात कोड असलेल्या एका डॉक्टरबाईंनी स्वमदत गट उभा केला, वधूवर मेळावे भरवले. कोकणातल्या गावांतून तिथवर पोचणारे थोडे. अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने घ्यावा लागतो. खेड्यातून एसटीने शहरात जाऊन यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. चार-सहा फेऱ्यांनंतर जाणं थांबतं आणि घरी मलम तेवढं चालू राहतं.