पाचव्या भागाकारात सापडलेला ६४१

२ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात काढा आणि प्रत्येकात १ मिळवा. उत्तरं येतात ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ संख्या. घात असाच दुप्पट करत गेलं तर दर वेळी मूळ संख्याच मिळणार, असं फ्रान्सच्या पिएर द फर्माने १६४० मध्ये पत्रांतून कळवलं. सिद्धता त्याच्याकडे नव्हती.

पुढचा घात ३२वा. त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७. ही दहा आकडी संख्या मूळ नाही, हे १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने दाखवलं: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ ही ११६वी मूळ संख्या. म्हणजे एकेक करून भागत बसलं तर शंभराहून जास्त भागाकार. पण ऑयलरने पुढे सिद्ध केलं की या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा नेमकी १ ने मोठी असते. मग उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकारात बाकी शून्य! मन चुकचुकतं ते यासाठी, की हा नियम ज्या प्रमेयातून निघतो ते फर्माचंच, आणि तेही १६४० चंच.

भाग का जातो, हे भागाकार न करताही दिसतं, आणि ती युक्ती मला फार देखणी वाटते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १ धरता येते. १२८ हा २ चा सातवा घात. दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ चालतं. १६ हा २ चा चौथा घात. २८ आणि ४ मिळून ३२. तेव्हा २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १, आणि त्यात १ मिळवला की शून्य.

त्या पहिल्या पाचांपलीकडे या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. २ च्या १०,४८,५७६व्या घातात १ मिळवून येणारी संख्या मूळ नाही, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं. तिचा एकही विभाजक मात्र अजून हाती लागलेला नाही.