गिअरची जोडी आधी ठरवा, धातू मग

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात साध्या विणीचा यंत्रमाग चालू असताना त्याच्या बाजूचे गिअर बघा. वर क्रँकशाफ्टवर लहान, खाली बॉटम शाफ्टवर दुप्पट दात्यांचा. क्रँकचे दोन फेरे झाले की खालचा शाफ्ट एकदा फिरतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचे नातेही हेच. घरच्या लेथवर छोटे चालते इंजिन बनवणाऱ्याने मागाकडून हे गुणोत्तर जरूर घ्यावे. धातू मात्र डोळे मिटून घेऊ नये.

मागाचे हे गिअर बहुधा दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. खरे तर एकाच जातीचे धातू एकमेकांवर घासले की चिकटतात. दाबाखाली तेलाचा पदर फाटतो, उघडे पृष्ठभाग भिडतात, एकाचा कण दुसऱ्याला धरून उपटला जातो आणि दाता खरवडत जातो. माइल्ड स्टीलवर माइल्ड स्टील किंवा स्टेनलेसवर स्टेनलेस चालवले की हे फार लवकर होते. बीड याला अपवाद, कारण त्यात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात आणि त्या वंगणाचे काम करतात. पण बीड ठिसूळ. मागाचा जाडजूड दाता ते सोसतो. मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचे माप; मॉड्यूल 1 चा दाता जेमतेम सव्वादोन मिलिमीटर उंच आणि मध्यावर दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. ओतकामातले एक बारीक छिद्र असा दाता मोडायला पुरेसे आहे. म्हणून भंगारातल्या मागाच्या गिअरमधून पिनियन, म्हणजे जोडीतला लहान गिअर, कापायचा मोह आवरावा.

आता 20 दात्यांचा पिनियन आणि 40 दात्यांचा कॅम गिअर धरू. क्रँक मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर पिनियनचा प्रत्येक दाता सेकंदाला 100 वेळा भार घेतो, मोठ्या गिअरचा 50 वेळा. शिवाय पिनियनचा दाता बुडाशी बारीक असतो. म्हणजे कणखर धातू पिनियनला द्यायचा. ईएन 8 हे सुमारे 0.4 टक्के कार्बनचे पोलाद बहुतेक छोट्या इंजिनांना पुरते. भार जास्त असेल तर निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले ईएन 24 घ्यावे. ते आधीच कडक केलेल्या अवस्थेत मिळते आणि तसेच कापताही येते. माझा कल त्याकडेच आहे. दाते कापून झाल्यावर भट्टीत कडक करायला गेले की गिअर थोडा तरी वाकडा होतो आणि घरी दाते ग्राइंड करण्याची सोय नसते.

मोठ्या गिअरला फॉस्फर ब्रॉन्झ सर्वांत चांगले. शिसे मिसळलेले पितळ कापायला सुरेख, भुगा कोरडा आणि बारीक पडतो, पण ते लवकर झिजते. हलक्या इंजिनालाच वापरावे. चांगल्या दाट बिडाचा बारही मोठ्या गिअरला चालतो. ॲल्युमिनियम नकोच. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर कठीण असतो, तो सुटला की पॉलिश पेपरसारखा दाते खातो. तिरक्या दात्यांचे किंवा वर्म गिअर असतील तर दाते एकमेकांवर सतत घसरतात, तिथे पोलाद आणि ब्रॉन्झ याच जोडीवर भरवसा ठेवावा.

उन्हाचे काय? सोलापूरचा मे महिना पारा 44 वर नेतो, पण गिअरच्या फटीला त्याने फारसा फरक पडत नाही. खरी उष्णता इंजिनाची स्वतःची. क्रँककेस ॲल्युमिनियमची आणि गिअर पोलादाचे असतील तर 30 मिलिमीटर केंद्र-अंतरावर (दोन शाफ्टच्या मध्यांमधले अंतर) तापमान 80 अंशांनी वाढताच फट सुमारे 0.026 मिलिमीटरने वाढते. म्हणून थंड असताना गिअर थोडे घट्ट वाटले तरी मुद्दाम सैल बसवू नयेत. ब्रॉन्झ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे मोठा गिअर ब्रॉन्झचा असला की ही वाढ आणखी कमी होते.

1:2 च्या गुणोत्तराचा एक तोटाही आहे. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबण्याचा जोर दर वेळी कॅम गिअरच्या त्याच त्या दात्यांवर येतो, म्हणून झीज ठरावीक जागीच दिसते. एका सिलिंडरच्या इंजिनात असे झाले की गिअर कॅमशाफ्टवरून सोडवून अर्धा फेरा फिरवून बसवावा. 40 दात्यांचा अर्धा म्हणजे पूर्ण 20 दाते, त्यामुळे टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, जागच्या जागी राहते आणि भार ताज्या दात्यांवर जातो.