बंबासाठी पेलेट निवडताना

सप्रेम नमस्कार.

"पांढरट माल चांगला की काळपट?" पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या, घेताना हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो. खरं सांगायचं तर रंगावरून प्रत कळत नाही. सागाचा भुसा मुळातच गडद, पाइनचा फिकट. प्रत ठरते ती राखेवरून.

युरोपात थंडीत घरं उबदार ठेवायला पेलेट जाळतात. तिथल्या घरगुती मालाच्या तीन प्रती आयएसओ १७२२५-२ या आंतरराष्ट्रीय मानकात दिल्या आहेत. ए१ मध्ये राख ०.७ टक्क्यापर्यंत, ए२ मध्ये १.२ आणि बी मध्ये २ टक्क्यांपर्यंत चालते. ओल मात्र तिन्हींत १० टक्क्यांच्या आतच हवी. म्हणजे २० किलोचं पोतं जाळलं की ए१ ची राख फार तर १४० ग्रॅम, बी ची ४०० ग्रॅम. भाताच्या तुसाचे पेलेट स्वस्त मिळतात, पण त्यांची राख १५ ते २० टक्के, म्हणजे त्याच पोत्यामागे तीन-चार किलो! शिवाय आचही कमी.

उसाचं चिपाड, सोयाबीनचं भुसकट यांच्या मालात राख लाकडापेक्षा जास्त असतेच, आणि पिकांतल्या पोटॅशमुळे ती लवकर वितळते. मग जाळीवर काचेसारखे खडे धरतात, हवा कोंडते, धूर होतो. हॉटेलच्या भट्टीत माणूस सळईने ते खरवडून काढतो. घरच्या बंबाला किंवा पंख्याच्या शेगडीला हा माल घेऊ नका, आमच्याकडचासुद्धा.

प्लायवूड किंवा रंगवलेल्या फर्निचरच्या भुशाचा माल आम्ही ठेवत नाही. त्यात गोंद, रसायनं असतात आणि त्याचा धूर घरात नको.

घरी एक साधी परीक्षा करा. पेलेट पाण्याच्या ग्लासात टाका. नीट दाबलेला पेलेट तळाशी बसतो आणि थोड्या वेळात फुगून त्याचा भुसा होतो. तरंगला तर दाब कमी पडलाय. पोत्याच्या तळाशी चूर किती आहे तेही बघा.

लागतं किती? २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला ५०० किलोकॅलरी लागतात. किलोभर चांगला माल साधारण ४००० देतो. निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तरी बादलीला पाव किलो पुरे. जुन्या बंबाच्या जाळीची भोकं रुंद असतील तर गोळ्या खाली गळतात, तेव्हा ८ मिलिमीटर जाडीचा माल घ्या आणि वर बारीक जाळी टाका.

पावसाळ्यात पोतं फरशीवर ठेवू नका, खाली फळी घाला. ओल लागलेला पेलेट पुन्हा भुसाच होतो आणि तो आम्हाला परत घेता येत नाही.

आणि कळकळीची विनंती: बंद न्हाणीघरात बंब पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो जीव घेतो. बंब अंगणात किंवा पडवीत पेटवा, गरम पाणी आत न्या.